गुणाजीची जीभ

आडखारात कोण कशानं ओळखला जाईल याला नेम नाही. एकजण पायाच्या सहा बोटांनी ओळखला जातो, दुसरा स्वतःच्या लग्नात रुसून चिंचेवर चढला होता म्हणून. गुणाजी नागू ओळखला जायचा तो जिभेनं. बोलायच्या नव्हे, चाखायच्या. बोलायचीही काही कमी नव्हती, पण त्या जिभेचं गावाला कौतुक नव्हतं.

गडबला हायवे सोडून खाडीकडे उतरलं की आधी भातशेती लागते, ती संपली की आडखार, आणि आडखार संपलं की मिठागरं. तिथं गुणाजीच्या घराला तीन पिढ्यांचा मान. खारं पाणी एका कोंडीतून, म्हणजे बांध घातलेल्या चौकोनातून, पुढच्या कोंडीत घ्यायचं त्या सकाळी त्यानं बोट बुडवायचं, जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे. बाकीचे फावडी टेकून त्याच्या तोंडाकडे बघत उभे. तो "पिकला" बोलला की पाणी सोडायचं, "कच्चा हाय" बोलला की सगळ्यांनी घरी जाऊन झोपायचं. पाणी फाजील पिकलं तर जिभेच्या कडांना कडवटपणा लागतो आणि मीठ बिघडतं. हे कोणाला शिकवून येत नाही. जीभ बिघडेल म्हणून बापानं गुणाजीला लहानपणी हंगामात गूळ खाऊ दिला नव्हता. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासरी त्यानं पुरणपोळीला हात लावला नाही, तेव्हा सासूला वाटलं जावई रुसला. जावई रुसला नव्हता, कोंडी पिकायला आली होती.

सत्त्याण्णव सालच्या उधाणात खाडीकडचा बांध फुटला आणि मिठागरात कंबरभर पाणी शिरलं. ते उपसायला कोणी आलं नाही. खेकडे आले, मग तिवरं आली, आणि गुणाजीची जीभ वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी घरी बसली. घरी बसलेली जीभ बायकोच्या आमटीवर घसरते. "मीठ कमी हाय." "आज जास्त हाय." "आज बरोबर हाय, पन उशिरा घातलंस." बायजाबाईनं पंधरा दिवस ऐकून घेतलं आणि सोळाव्या दिवशी आपल्या चुलतभावाला, काळुरामला निरोप धाडला, की या माणसाला कुठंतरी चिकटव, नायतर मी माहेरी येते.

काळुराम गडबचा. त्याचा टेम्पो होता. रोज सकाळी सुके बोंबील, जवळा आणि बर्फातली ओली मासळी घेऊन तो रोह्याच्या बाजारात जायचा. तिथल्या कंपन्यांच्या वसाहतीत त्याची वॉचमन लोकांशी ओळख. एका रंगाच्या कंपनीत, मागच्या पत्र्याच्या खोलीत, कोणी नवा साहेब आला होता आणि त्याला मदतनीस पाहिजे होता. काळुराम गुणाजीला घेऊन गेला आणि म्हणाला, "साहेब, ह्यो मिठाचा मानूस हाय."

साहेब एकदम खूश झाला. "मिठाचा? उत्तम. आमचंही काम मिठाचंच आहे."

तो सुजय साहेब. परदेशात शिकून आलेला, बत्तीस वर्षांचा. केस असे की जणू नुकताच विजेचा झटका बसलाय. आणि बऱ्याचदा तो खरंच बसलेला असायचा. मोबाईल फोन तेव्हा रोह्यात फक्त जाहिरातीत होते, पण साहेबाला त्यांच्या आतली बॅटरी सुधारायची होती. कंपनीच्या मालकाला मुंबईत कोणीतरी सांगितलं होतं की रंगाचे दिवस सरले, आता बॅटरीचे येणार. म्हणून त्यानं ही खोली दिली होती आणि रोज थोडा थोडा पस्तावत होता.

साहेबानं गुणाजीला पहिल्याच दिवशी काम समजावलं. बॅटरीत एक पट्टी असते, तिच्यात लिथियम आत-बाहेर करतं. सगळं जग ती पट्टी कोळशाच्या पुडीची करतं. साहेबाला ती सिलिकॉनची करायची होती. सिलिकॉन म्हणजे वाळूतून काढलेली काळपट पूड. तिच्यात कोळशाच्या कितीतरी पट लिथियम मावतं. "पण एक अडचण आहे," साहेब म्हणाला. "लिथियम आत शिरलं की ती फुगते. एकाची जवळजवळ चार होते. बाहेर पडलं की पुन्हा बसते. फुगून, बसून, फुगून तिला चिरा पडतात आणि पाच-सात फेऱ्यांत पट्टी मरते."

"बांधासारका," गुणाजी म्हणाला.

"कसला बांध?"

"चिखलाचा. भरतीला फुगतो, उन्हात बसतो, मंग भेगलतो. चुलीची राख लिंपली की भेगलत नाय."

साहेब टेबलावरून उठला. "अगदी हेच. आपण इथं ती राखच शोधतोय." मग त्यानं कपाटातल्या बाटल्या दाखवल्या. एकतीस. प्रत्येकीवर नंबर. बॅटरीतल्या पाण्यात, म्हणजे साहेब ज्याला पाणी म्हणायचा त्या कसल्याशा रसात, लिथियमचं मीठ विरघळवायचं आणि यातल्या एका बाटलीतले चार थेंब टाकायचे. बरोबर थेंब सापडला तर पुडीच्या कणाकणावर साय धरेल. कण फुगला तर साय ताणेल, फाटणार नाही.

गुणाजीला हे लगेच पटलं. पिकल्या पाण्यावर मीठ धरायच्या आधी अशीच साय येते. त्याला पटलं नाही ते एकच. खोलीत एक बाईही होती, अनिता. रोह्याचीच, केमिस्ट्री शिकलेली. सगळं मोजणं तिच्याकडे. तिनं गुणाजीला समोर उभं केलं आणि म्हणाली, "काका, एकच नियम. इथं काहीही, कधीही चाखायचं नाही."

"मीठपन नाय?"

"मीठ तर अजिबात नाही."

गुणाजीनं मान हलवली. सुताराला सांगावं लाकडाला हात लावू नको, तसं झालं. पण कंपनी म्हणजे कंपनी.

आता त्या गाडीचं सांगायला पाहिजे, कारण खरं दुखणं तिथंच होतं.

कंपनीची एक गाडी होती, पांढरी, निळ्या पट्ट्याची. पेणहून निघायची, गडबच्या थांब्यावर सकाळी सव्वासहाला यायची, नागोठण्यावरून रोह्याला जायची. तिच्यात फक्त पर्मनंट माणसं बसायची. ज्याची त्याची जागा ठरलेली, पाठीला रुमाल टाकून ठेवलेला. टेंपरवारी माणसानं पायरीवर पाय ठेवला तरी ड्रायव्हर रिकाम्या जागांकडे बघत "जागा नाय" म्हणायचा. गुणाजी टेंपरवारी होता. पण कामाला लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी आडखारच्या पारावर कोणीतरी विचारलं, "रोह्याला जातंस कसा?" आणि गुणाजीची जीभ, ती बोलायची, पुढं झाली. "गाडी येते कंपनीची. खिडकीची जागा हाय मना."

एकदा बोलल्यावर खिडकी मागं घेता येत नाही. तेव्हापासून गुणाजी रोज सकाळी डबा घेऊन ऐटीत निघायचा, गडबला थांब्यामागच्या रसवंतीच्या आडोशाला उभा राहायचा, निळ्या पट्ट्याची गाडी नजरेआड होईस्तोवर दम धरायचा, आणि मग काळुरामच्या टेम्पोत मागं चढायचा. पुढं जागा नव्हती, तिथं काळुरामचा जादा टायर बसायचा. गुणाजी बोंबलाच्या टोपल्यांमध्ये.

"गुन्या, टायराला पर्मनंट केलंय, तुना कवा करायचा ते बघू," काळुराम पुढून ओरडायचा.

पहिल्या वर्षी पौषात एकदा बायजाबाई अचानक त्याच्याबरोबर निघाली. म्हणाली, गडबला जोशांच्या दुकानातून पोहे आणायचेत. सकाळी सहाला. गुणाजी म्हणाला, दुकान नवाला उघडतं. ती म्हणाली, मी बसेन. थांब्यावर ती त्याच्या शेजारी उभी राहिली, पदर खोचून.

"मना बघू दे तरी तुमची खिडकी."

गाडी आली. गुणाजीनं देवाचं नाव घेतलं आणि चढला. आतून चौतीस माणसांनी त्याच्याकडे पाहिलं.

"कोन तू?" ड्रायव्हर म्हणाला.

"घरची मानसं बघतायत," गुणाजी हळूच म्हणाला. "नागोठन्यापावत न्या. उभा राहीन."

ड्रायव्हरही बायकोवालाच. त्यानं गाडी काढली. गुणाजी एका झोपलेल्या माणसाच्या अंगावरून वाकला आणि त्याच्या खिडकीतून हात हलवला. बायजाबाईनंही हलवला. तिचा चेहरा जरा विचित्र दिसला त्याला, शिंक दाबल्यासारखा. नागोठण्याला उतरून तो टेम्पोची वाट बघत बसला आणि त्या दिवशी कामावर उशिरा पोचला.

दोन वर्षं अशी गेली. थेंब काही सापडेना. नाण्याएवढा सेल बनवायचा, यंत्राला लावायचा. यंत्र त्यात वीज भरायचं, काढायचं, ही एक फेरी, चार तासांची. पाचवी, सहावी, सातवी फेरी, की सेल आटोपला. नव्याण्णवच्या पावसाळ्यात तर सगळं आणखी बिघडलं. फक्त एकोणीस नंबरचा थेंब तेवीस फेऱ्यांपर्यंत रांगत गेला, तोही शेवटी मेला. साहेब रात्री जेवायचा विसरायचा, दिवसा जेवलोय की नाही ते अनिताला विचारायचा.

भाद्रपदात मालक आला. उभ्यानंच म्हणाला, "दसऱ्याला पूजेला येतो. तोवर एक सेल पन्नास फेऱ्या चालवून दाखवा. नाहीतर या खोलीत रंगाची पिंपं ठेवतो."

तो गेल्यावर साहेबानं दोघांना बसवलं. "पन्नास झाल्या तर ही खोली राहील. आणि गुणाजी, तुमचं नाव मी पर्मनंटला देईन."

त्या दिवशी टेम्पोत परतताना गुणाजी टोपल्यांमध्ये न बसता उभा राहिला. पर्मनंट म्हणजे बाकी काय असतं ते त्यानं विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर पाठीला टाकलेला रुमाल होता.

सर्वपित्री झाली, नवरात्र उद्यावर आलं. सेल अजून सातालाच मरत होते. त्या दुपारी साहेब डोकं धरून बसला होता, अनिता पेटीत हात घालून मीठ तोलत होती. पेटी म्हणजे साहेबानं घरगुती बनवलेली, पारदर्शक, भिंतीला रबरी हातमोजे बसवलेली. आत कोरडा वायू सोडायचा आणि मोज्यांत हात घालून बाहेरूनच काम करायचं, कारण लिथियमच्या मिठाला दमट हवा चालत नाही. हे साहेबाला माहीत होतं, अनिताला माहीत होतं. गुणाजीला कोणी सांगितलं नव्हतं. मिठाच्या माणसाला मिठाबद्दल काय सांगायचं, असं वाटलं असावं.

अनितानं तयार रसाची बाटली बाहेर काढून ठेवली. बाटलीच्या तोंडाशी एक थेंब होता. तो ओघळला आणि काचेवर पडला. गुणाजी फडकं घेऊन पुढं झाला.

पुढचं त्यानं केलं नाही, बोटानं केलं. तीन पिढ्यांच्या बोटानं. थेंबाला टेकलं, तोंडात गेलं, डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा त्याच्या तोंडातून असा आवाज आला, की शेजारच्या शेडमधल्या माणसांना वाटलं भोंगा झाला, आणि दोघं डबे घेऊन बाहेरही पडले.

अनितानं त्याला नळाखाली धरलं. किती वेळ धरलं कोण जाणे, तो निम्मा भिजला. मग तिनं त्याच्या तोंडात कॅल्शियमची लगदी कोंबली, दूध पाजलं आणि रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. जाताना रागावून रडत होती आणि रडत असल्याबद्दल आणखी रागावत होती. "एकच नियम सांगितला होता काका. एकच."

डॉक्टरनं जीभ बाहेर काढायला सांगितली. ती काढावी लागली नाही, आत मावतच नव्हती. "नशीब, थेंबच होता," तो म्हणाला. "नऊ दिवस बोलायचं नाही, तिखट नाही, मीठ नाही."

खोलीवर परत आल्यावर साहेब गंभीर तोंड करून उभा होता. "गुणाजी, मला वाईट वाटतं, पण अशी माणसं मला इथं ठेवता येणार नाहीत. उद्या तुमचा जीव जाईल."

गुणाजीनं हातानं थांबवलं. जीभ बंद होती, पण डोकं अजून त्या थेंबावरच होतं. तो फळ्याकडे गेला, खडू घेतला आणि चौथीच्या अक्षरात लिहिलं: मीठ आंबट.

"त्याचा काय संबंध?" साहेब म्हणाला.

गुणाजीनं आंबटखाली दोन रेघा मारल्या आणि खडू मोडला. बिघडलेलं मीठ कडू असतं, कच्चं मीठ मचूळ असतं. आंबट मीठ तीन पिढ्यांत कोणी चाखलं नव्हतं.

अनिता फळ्याकडे बघत राहिली. "सर," ती म्हणाली, "हे मीठ पाणी प्यायलं तर त्याचं आम्लच होतं. रसात आम्ल नसलं पाहिजे. आपण कधी तपासलंय? मिठाची बाटली जपानहून आली ती पहिल्या दिवशी तपासली, त्यानंतर नाही."

तपासलं. आम्लच आम्ल. इतके दिवस साय धरत नव्हती ती धरणार कशी, खालून आम्ल तिला खात होतं. सुजय साहेब फळ्याखाली जमिनीवर बसला. एकतीस थेंब, दोन पावसाळे, सगळे नासक्या मिठात.

"दुसरी बाटली सीलबंद आहे," अनिता म्हणाली. "उघडू?"

"उघड. आणि एकोणीस नंबर घाल. तोच जरा रांगला होता." मग त्याचं लक्ष गुणाजीकडे गेलं. "तुम्ही इथंच राहा. तुम्ही... काही चाखू नका, पण राहा."

नवा सेल यंत्राला लागला. दसऱ्याआधी मध्ये नऊ दिवस होते, दिवसाला सहा फेऱ्या. लाईट गेली नाही तर गणित जेमतेम बसत होतं.

आणि मग, त्याच संध्याकाळी, गुणाजीला कळलं.

साहेब चरफडत होता. "बाटली जपानहूनच ओली आली असणार. त्या कंपनीला असं पत्र लिहितो की..."

"नाही सर," अनिता म्हणाली, "आली तेव्हा चांगली होती. झाकण नीट नसणार. रोज थोडी थोडी दमट हवा शिरली असेल."

"मग झाकण त्यांचं वाईट. म्हणजे चूक त्यांचीच."

गुणाजीच्या हातातलं फडकं थांबलं. रोज संध्याकाळी पाचला पेटीचा वायू बंद व्हायचा आणि पेटी आतून पुसायचं काम त्याचं. पहिल्याच पावसाळ्याच्या तोंडाशी त्यानं पाहिलं होतं, की या शिकलेल्या लोकांनी मीठ बाटलीत कोंडून, झाकणाला वर पट्टी चिकटवून ठेवलंय. आडखारात शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की कोंडलेलं मीठ पाझरतं. मिठाची रास घालायची, वर पेंढा टाकायचा, पण वारा खेळता ठेवायचा. म्हणून त्यानं रोज संध्याकाळी ती पट्टी सोडवली होती, झाकण सैल केलं होतं, वर स्वच्छ फडकं टाकलं होतं. सकाळी अनिता यायच्या आत झाकण घट्ट, पट्टी जागच्या जागी. दोन पावसाळे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शाबासकी मागितली नव्हती. आपल्या मिठासारखं त्यानं ते जपलं होतं.

डॉक्टरनं नऊ दिवस बोलू नको म्हटलं होतं. गुणाजीनं कोणाचंही ऐकलं नसेल इतकं त्या डॉक्टरचं ऐकलं. फळ्याजवळही गेला नाही.

घरी बायजाबाईच्या आयुष्यातलं ते सर्वात सुखाचं नवरात्र गेलं. आमटीवर कोणी बोलेना. तिनं एकदा मुद्दाम मूठभर मीठ जास्त घातलं, आणि मग आठवलं की नवरा अळणी पेजेवर आहे. ती आमटी तिला स्वतःलाच संपवावी लागली.

सेल फिरत होता. सात झाल्या, आठ झाल्या, साहेबानं श्वास सोडला. तेवीस झाल्या. एके संध्याकाळी दोन तास लाईट गेली तेव्हा साहेब विजेच्या खांबाकडे अशा नजरेनं बघत होता की वॉचमन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. चाळीस झाल्या. अनितानं पर्मनंटच्या अर्जावर गुणाजीचं नाव टाइप केलं. त्याच मशीनवर तिनं जपानचं पत्रही टाइप केलं. गुणाजीला इंग्रजी येत नव्हतं, पण पत्र रागाचं आहे हे साहेबाच्या लाल झालेल्या कानांवरून कळत होतं.

आता त्याला झोप लागेना. जपानचं त्याला काही माहीत नव्हतं, पण मीठ आहे म्हणजे मिठागर असणार आणि मिठागर आहे म्हणजे माणूस असणार. त्याला तो दिसायचा. ठेंगणा, उघडा, गुडघ्यापर्यंत चिखल, पायाला भेगा, त्याचाही मेहुणा टेम्पोवाला. त्याच्या घरी आता पत्र जाणार, की तुझं मीठ नासकं. एकदा एका व्यापाऱ्यानं भर बाजारात गुणाजीच्या बापाच्या मिठाला कडू म्हटलं होतं, तर बाप तीन दिवस जेवला नव्हता आणि चौथ्या दिवशी व्यापाऱ्याला खाडीत ढकलून आला होता. गुणाजीला आपण त्या व्यापाऱ्याच्या जागी असल्यासारखं वाटू लागलं. एका बाजूला हा जपानी उघडा माणूस, दुसऱ्या बाजूला खिडकी आणि रुमाल. बायजाबाईला वाटायचं जीभ ठणकते म्हणून कुशी बदलतोय.

दसरा उजाडला. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सेलच्या यंत्राला माळ घालताना साहेब "हळू, हळू" म्हणत वॉचमनच्या मागं मागं फिरत होता. मालक आला, पूजा झाली, सगळे यंत्रावरच्या आकड्याभोवती गोळा झाले. पन्नास. बघता बघता मालकाच्या तोंडात पेढा गेला. साहेबानं अर्ज पुढं केला. "या माणसामुळं झालं सर. यांना पर्मनंट करायचंय." मालकानं पेन काढलं.

"आणि हे आज पोस्टात टाक," साहेब अनिताला म्हणाला आणि जपानचं पाकीट तिच्या हातात दिलं.

गुणाजीनं नऊ दिवसांनी तोंड उघडलं.

"पत्र टाकू नको बाय. त्या मानसाचा मीठ चांगला होता."

सगळे वळले. आवाज गंजल्यासारखा होता.

"झाकन मी सैल करायचू. रोज सांजचा. कोंडलेला मीठ पाजरतंय म्हनून वारा दाखवायचू. दोन पावसाले."

मालकाचं पेन अर्जाच्या वर अर्ध्या वितीवर थांबलं. त्याला यातलं काही कळलं नव्हतं, पण काहीतरी सही न करण्यासारखं आहे एवढं कळलं.

"रोज?" अनिता म्हणाली.

"अमुशेला सुद्धा."

साहेब वळला आणि वह्यांच्या ढिगावर असा पडला की माळ तुटली आणि झेंडू सगळीकडे. पानं उलटत म्हणाला, "म्हणजे एकतीसच्या एकतीस थेंब ओल्या मिठात गेले. आम्लात. आणि तरी एकोणीस नंबर तेवीस फेऱ्या टिकला. अनिता, तो नुसती साय धरत नाही. तो आम्ल गिळतोय." मग मालकाकडे. "सर, प्रयोगशाळेत कोरडं मीठ सगळ्यांकडेच असतं. उद्या हे कारखान्यात बनेल तेव्हा रोह्याच्या पावसात बनेल. ओल सोसणारा थेंब शोधायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं असतं तरी मी दोन पावसाळे इतक्या नेमानं बाटली उघडली नसती."

मालकानं पेढा गिळला. "हे चांगलं झालं की वाईट?"

"चांगलं झालं सर."

"मग हा माणूस कामाचा आहे की नाही, एका शब्दात सांगा."

साहेबानं आधी बाटलीकडे, मग गुणाजीकडे पाहिलं. "आहे," तो म्हणाला. "मिठापासून दहा फूट लांब."

मालकानं सही केली आणि खाली आपल्या हातानं तीही अट लिहिली. आजही त्या कागदावर आहे: सदर कामगाराने कोणत्याही मिठापासून दहा फुटांच्या आत येऊ नये. अनितानं पाकीट फाडलं, आणि फाडताना पहिल्यांदा हसली. "काका, जेवणातल्या मिठाला सूट आहे."

दसऱ्यानंतरच्या सोमवारी गडबच्या थांब्यावर निळ्या पट्ट्याची गाडी थांबली आणि गुणाजी तिच्यात चढला. ड्रायव्हरनं कागद पाहिला, मग तोंड पाहिलं. "आज कुठपर्यंत?"

"रोहा," गुणाजी म्हणाला.

जागा मिळाली ती अगदी मागची, चाकावरची. स्प्रिंग तुटलेली, पायाशी जॅक, आणि खिडकी नव्हतीच, तिथं पत्रा ठोकलेला. गुणाजीनं पाठीला रुमाल टाकला आणि ताठ बसला. नागोठण्याच्या खड्ड्यांत त्याचं डोकं तीनदा टपाला लागलं. मागून काळुरामचा टेम्पो बराच वेळ हॉर्न वाजवत येत होता, पण पत्र्यामुळं हात दाखवता आला नाही.

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. गडबला उतरून तो पारावर आला, तर सगळे बसलेले. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट झालेली आणि सांगायची कोणाला? गावाच्या लेखी तो दोन वर्षं त्याच गाडीत बसत होता, आणि तेही खिडकीला.

"काय गुनाजी, लई खूश," एकजण म्हणाला. "नवीन काय?"

"काय नाय," गुणाजी म्हणाला. हा शब्द जिभेवर त्या थेंबापेक्षा वाईट लागला.

घरी बायजाबाई भाकऱ्या थापत होती. त्यानं डबा ठेवला, सदरा काढून खुंटीला लावला. ती हात पुसत उठली, खुंटीपाशी गेली, सदऱ्याला नाक लावलं. पुन्हा लावलं.

"आज बोंबलाचा वास नाय," ती म्हणाली.

गुणाजी पाटावर बसता बसता राहिला. "कवापासना म्हायती हाय गो तुना?"

"पैल्या दिसापासना. कंपनीच्या गाडीत बोंबील वालत घालतात काय?"

"मंग बोललीस का नाय?"

"तुमचा येवढा चांगला चालला होता." ती पुन्हा चुलीपाशी बसली आणि तव्यावरची भाकरी उलटली. "आवो, दोन वर्सं ह्यो सदरा येगला धुते मी. आता सगल्या कपड्यांत टाकीन. बसा, जेवा. आनि आमटीला नाव ठेवलात तर याद राखा, दहा फूट लांब बसवीन."

कागदातली अट तिला कोणी सांगितली, हे गुणाजीनं विचारलं नाही. काळुरामच्या टेम्पोला पुढची जागा नसेल, पण तोंड होतं.

त्यानं आमटीचा भुरका मारला. मीठ जरा कमी होतं. त्यानं वाटी पुन्हा पुढं केली.